करड्या चौकोनातली सून

बावीस मुली बघून झाल्या आणि कौशल्याबाईंनी फोटोंना घरात बंदी घातली.

"फोटोत चांदणी, दारात गेलं की काजळी," तव्यावर भाकरी टाकता टाकता त्या म्हणाल्या. "आता एकबी फोटो मला दावायचा न्हाई."

दुखणं जुनं होतं. दोन वर्षांपूर्वी दिघीला बघितलेल्या एका मुलीचा फोटो स्टुडिओवाल्यानं इतका उजळवला होता, की मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा कौशल्याबाईंना वाटलं, ही थोरली बहीण असावी, नवरी मागून येत असेल. मागून कुणी आलं नाही. मुलीचं नाव त्या विसरल्या, पण फोटोवरचा राग मात्र लोणच्यासारखा मुरत गेला.

"फोटो बंद करता येतात, आई," करिष्मा म्हणाली. धाकट्या लेकीनं आईचा मोबाइल घेतला, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन एक बटण दाबलं आणि लग्नाची साइट पुन्हा उघडली. जिथं जिथं चेहरे होते, तिथं तिथं करडे चौकोन आले. नावांच्या जागी आधीपासूनच नंबर होते.

कौशल्याबाईंनी पदरानं काच पुसली. "धूळ बसली का गं?"

"धूळ नाही. तू म्हणालीस तसं केलंय. आता नुसतं वाचायचं."

त्या दिवसापासून भोसरीच्या त्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी पोथीसारखं वाचन सुरू झालं. करिष्मा वाचायची, कौशल्याबाई भाकरी करता करता ऐकायच्या. चिमाजी, त्यांचे यजमान, वर्कशॉपमध्ये पत्र्याचे एकसारखे भाग पाडणाऱ्या पॉवर प्रेसवर तीस वर्षं काढून कानानं थोडे अधू झाले होते. ते ऐकल्यासारखं करायचे. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो थोरला गणराज चाकणच्या कंपनीत क्वालिटी तपासणीला. दिवसभर ट्यूबलाइटखाली सुटे भाग धरून ओरखडे शोधायचे आणि घरी आल्यावर खाली मान घालून जेवायचं, हा त्याचा नेम.

"मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, मोठ्यांचा मान राखणारी," करिष्मा वाचत होती. "पुढची. गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ..."

"समद्या एकाच साच्यातल्या. तुझ्या बाबांच्या प्रेसमधनं पडल्यागत."

"बरं, ही ऐक." करिष्मानं घसा साफ केला. "'चाकणला गोडाउनमध्ये सुपरवायझर आहे. हाताखाली तीस माणसं, त्यामुळं आवाज मोठा झालाय. तो घरी आल्यावरही लहान होत नाही. आई नाही. भाकरी वडील करतात, कालवण मी करते. बसमध्ये खिडकी मिळाली की झोप लागते, दोनदा थेट डेपोत जाऊन उठले आहे. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मनमिळाऊ आहे असं लिहीत नाही.'"

कौशल्याबाईंचा हात तव्यावरच थांबला. 'आई नाही' हे दोन शब्द त्यांच्या काळजात जात्याच्या खुंट्यासारखे रुतले. त्यांचीही माय त्या सहा वर्षांच्या असताना गेली होती. लातूरकडच्या गावात बापानं थापलेल्या जाड भाकरीची चव अजून जिभेवर होती. कुणी न शिकवलेली ओवी त्यांच्या ओठांवर आपोआप जुळली:

लेक कुणाची ग बाई, हिला माय न्हाई घरी
बाप थापितो भाकरी, लेक कालवण करी

"भाकरी करपायलीय," चिमाजी म्हणाले. हा वास कळायला त्यांना कानांची गरज नव्हती.

"करपू द्या. हीच माझी सून."

गणराजला ठसका लागला.

"पाणी पी," आई म्हणाली. "आन् रंग कसा, नाक कसं, कुणीबी इचारायचं न्हाई. मी शब्द दिलाय."

"कुणाला?" करिष्मानं विचारलं.

हे कौशल्याबाईंनाही सांगता आलं नाही. पण शब्द दिलाय म्हटल्यावर तो कुणाला तरी द्यायला हवा, म्हणून त्यांनी तो सगळ्यांनाच दिला. भाजीवाल्याला दिला, जिन्यातल्या बायकांना दिला, बचत गटाच्या बैठकीत तर उभं राहून दिला. "आमी तोंड बघत न्हाई, मन बघतो." समोरच्या मंजुषाताई गटाच्या अध्यक्ष. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि महिला दिनाला 'सून निवडताना' या विषयावर कौशल्याबाईंचं भाषण ठरवून टाकलं. आता माघार घ्यायची तर खोली बदलावी लागली असती.

साइटवरून दोन्हीकडचा होकार झाला. मुलीच्या वडिलांचा नंबर आला. नाव मारुतराव, आडनाव दर तिसऱ्या दारावर असतं तेच. चिमाजींनी फोन लावला आणि बोलण्यासाठी बायकोच्या हातात दिला.

"रूपरंग आमी बघतच न्हाई, भाऊ."

पलीकडं काहीतरी खुट्ट झालं. मग मारुतराव हळू आवाजात म्हणाले, "नक्की ना, ताई? स्पीकर चालू आहे. मुलगीपण ऐकतेय."

"ऐकू द्या की! खुशाल ऐकू द्या!"

रविवारी सगळे मोशीला निघाले. गटाच्या वतीनं मंजुषाताईही आल्या, असा प्रसंग डोळ्यांनी बघायला मिळावा म्हणून. चौथ्या मजल्यावर मारुतरावांनी दार उघडलं. कौशल्याबाईंना वाटलं, या माणसाला कुठंतरी बघितलंय. पण पन्नाशी ओलांडलेला, चेकचा शर्ट घातलेला बाप बघून तसं कुणालाही वाटतं.

पोहे आले. मुलगी ट्रे ठेवून आत पळाली नाही, समोर उभी राहिली. कौशल्याबाईंनी मान वर केली आणि घास तोंडातच राहिला.

"ओळखलंत का, काकू? मी विजयश्री. दोन वर्षांपूर्वी दिघीला, माझ्या मामांकडं आला होतात."

चिमाजी पोह्यातले शेंगदाणे एका कडेला करू लागले. मंजुषाताई दोघींकडं आळीपाळीनं बघत होत्या.

"तुम्ही उतरताना जिन्यात म्हणालात, 'हिला शोधायला बॅटरी लागंल.' जिना बोळासारखा होता. आवाज वर आला."

आवाज मोठा होता खरा, पण त्यात राग नव्हता. गोडाउनमध्ये किती खोकी आली हे सांगावं, तसं तिनं सांगितलं. त्यामुळं ते जास्तच लागलं.

मारुतरावांनी गुडघ्यावर हात ठेवले. "त्यानंतर तिनं स्टुडिओतला फोटो फाडला. मोबाइलवर स्वतःच काढला, दारात, भर उन्हात. तोच साइटवर आहे. तुमचं स्थळ आलं तेव्हा मी नको म्हणालो. ही म्हणाली, बाबा, खरा फोटो बघून बोलावतायत, म्हणजे माणसं बदलली असतील. मग तुमचा फोन आला. रूपरंग बघत नाही म्हणालात. आम्हाला वाटलं, ताई माफी मागतायत. त्या रात्री हिनं दोन वर्षांत पहिल्यांदा आरशात..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"पण आमच्याकडं तर फोटो बंद होते!" करिष्मा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

विजयश्रीचा चेहरा वात खाली ओढल्यासारखा मंद झाला. "म्हणजे बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती बोलू शकते, हे तिच्या बापालाही नवीन होतं.

"माझ्या मोबाइलवर चालू होते," गणराज म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तोही स्वतःकडंच बघावं तसा दचकला होता. "पहिल्या दिवशीच बघितला. ही नक्की वाच, असं करिष्माला मीच सांगितलं होतं."

"मग दिघीला तोंड का उघडलं न्हाईस, मुडद्या?" आई ओरडली.

"तू बोललीस तेव्हा मी दोन पायऱ्या खाली होतो, आई. हसलो न्हाई, एवढंच जमलं."

"हसला नाहीत, ते मला वरनं कसं दिसणार?" विजयश्री म्हणाली.

गणराजनं मान खाली घातली. कौशल्याबाईंनी बशी जमिनीवर ठेवली, पदर सारखा केला.

"चुकलं माझं, पोरी. बावीस पोरी बघितल्या. कुणाच्या जिन्यात काय बोलले, मलाबी याद न्हाई. तुझ्या कानावर आलं. बाकीच्यांनी ऐकलं असंल तर मी आता कुणाकुणाच्या दारात जाऊ?"

मंजुषाताईंचे हात सवयीनं टाळीसाठी उचलले गेले, ते त्यांनी पर्समध्ये घातले.

विजयश्री समोर बसली आणि तिनं गणराजकडं बघितलं. मग म्हणाली, "मी तुम्हाला वाचून आवडले. मी यांचं काय वाचलं? 'मनमिळाऊ, निर्व्यसनी.'"

"ते मी टाइप केलं होतं," करिष्मा पुटपुटली.

"मग आता यांनी लिहावं. स्वतःच्या हातानं, कागदावर. घरात कोण कसं आहे, सगळं. गोड करून नको. वाचते, मग कळवते."

मारुतरावांनी हात जोडले. मंडळी उठली. जिना उतरताना कौशल्याबाईंनी ओठ इतके घट्ट मिटले होते, की मंजुषाताईंनी दोनदा विचारलं, दाढ दुखतेय का.

सोमवारी फर्स्ट शिफ्ट करून आलेला गणराज वही घेऊन खिडकीपाशी बसला. कौशल्याबाईंनी चहा नेऊन दिला. थोड्या वेळानं लाडू नेला. मग काहीच न्यायचं उरलं नाही, तरी गेल्या.

"माझ्यावर आलास का रं?"

"आलोय."

"किती ओळी झाल्या?"

"पान उलटलं."

त्या तिथंच खाली टेकल्या. "एवढं काय लिहायलास?"

गणराजनं डाव्या हातानं कागद झाकला. शाळेत कधी झाकला नव्हता, तेव्हा शेजारचा मुलगा सगळी उत्तरं त्याचीच बघून लिहायचा. आई त्या हाताकडं बघत राहिली. खाली रस्त्यावरून जनरल शिफ्टची बस गेली, तावदानं थरथरून शांत झाली.

"बरं, वाईट लिहायचं तर वाईट लिही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण अक्षर नीट काढ, लेकरा. तिला वाचता आलं पायजे."