काळ्या पट्ट्या नकोत म्हणून

“एवढ्याशा कामाला माणूस कशाला बोलवायचा? मी काय मेलोय?” असं जाहीर करून चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या काकांनी कॉम्प्युटरची वायर स्वतःच्या हातानं टीव्हीच्या मागे खुपसली. लेक परगावी नोकरीला. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल. तो इवल्याशा पडद्यावर का बघायचा? लेक कशी भिंतभर दिसली पाहिजे!

लेक दिसली, पण चारी बाजूंनी काळ्या पट्ट्या. काकांचं डोकंच फिरलं. “टीव्ही आख्खा घेतलाय, मग चित्र पाऊण का?” रिमोट बडवता बडवता त्यांना ‘झूम’ सापडलं. पट्ट्या गेल्या! पट्ट्यांबरोबर चित्राच्या कडाही गेल्या, पण ते कबूल कोण करणार?

“अहो, पडद्यावरचं खालचं घड्याळ कुठे गेलं?” काकूंनी विचारलं.

“भिंतीवर आहे की!”

“आणि वरची ती बंद करायची फुली?”

“प्लग काढायचा! होतंय बंद.”

“चित्र कापलं जातंय हो. सेटिंग बघा ना जरा.”

“आयुष्यभर लोकांना नीट दिसायची सोय केली मी. मला नको शिकवूस!”

काकूंनी नाद सोडला.

आता या घरात अवघड गोष्ट कुणी तोंडानं बोलत नसे. काकूंना नवा मिक्सर हवा असला की जुना आणून काकांच्या खुर्चीसमोर ठेवायच्या आणि “हे काय?” असं ते विचारायची वाट बघत बसायच्या. लेक त्यांचीच! तिनं ऑफिसातला एक मुलगा पसंत केला होता, पण बाबांना सांगायला जीभ रेटेना. म्हणून कॉलच्या वेळी ती त्याला सोफ्याच्या टोकाला बसवायला लागली. बाबा विचारतील “हा कोण?”, मग सांगू.

बाबा कसले विचारताहेत! त्यांच्या टीव्हीवर लेक आणि अर्धी उशी, बस्स. रविवारमागून रविवार तो बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून नुसता हसत बसला.

त्या रविवारी लेकीचा चेहरा उतरलेला होता. पोरीला एकटं वाटतंय, काकांनी लगेच निदान केलं. औषधही तयार होतं.

“अगं, तुझ्यासाठी स्थळ बघितलंय! आपल्या दुकानात येतात ना, त्या डॉक्टरांचा मुलगा. लाखात एक! तिथे ऑफिसातल्या कुणा सोम्यागोम्यात अडकू नकोस म्हणजे झालं!”

लेकीनं सोफ्याच्या टोकाकडे पाहिलं. मग लेकीच्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं.

“बाबा, समोर बसलेल्या माणसाला असं बोलतात?”

“कोण माणूस?”

“पसंत नसेल तर तसं सांगा. पण तो दिसतच नाही असं नका ना दाखवू!”

काकांना काही कळेना. काकूंनी मात्र त्यांच्या हातातला रिमोट हिसकावला आणि झूम काढून टाकलं. काळ्या पट्ट्या परत आल्या. आणि सोफ्याच्या टोकाला दिसला मान खाली घालून बसलेला एक तरुण.

“हा... हा कधी आला?”

“उन्हाळ्यापासून येतोय, बाबा.”

“काका, मी निघतो,” तो उठत म्हणाला.

काकांना आता सगळा उलगडा झाला. इतके दिवस हे पोर समोर बसून हसत होतं आणि आपण त्याला साधं ‘कसा आहेस’ म्हटलं नाही. दर रविवारी कॉल संपल्यावर लेक रडली असेल. आणि हे सगळं कशापायी, तर दोन बोटं काळ्या पट्टीपायी! फार वाईट वाटलं त्यांना. तरी, खोटं कशाला सांगा, पहिला विचार मनात आला तो हाच की सगळा दोष नेटवर ढकलता येईल का? काकूंनी नुसतं बघितलं. तो विचार तिथेच मेला.

“थांब, बाळा. जाऊ नकोस.” काकांनी घसा खाकरला. “तू मला दिसलाच नाहीस रे. चूक माझी आहे. टीव्ही मी चुकीचा लावला होता.”

उभ्या संसारात काकूंनी असलं वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

पडद्यावरची दोघं तोंड उघडं टाकून तशीच थिजली. जरा वेळानं लेकीचा आवाज आला.

“बाबा, आवाज तुटला मध्येच. काय म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा ना!”

काकांनी केविलवाण्या नजरेनं काकूंकडे पाहिलं.

“सांगा की,” काकू उठत म्हणाल्या. “पण थांबा हं, आधी खिडक्या उघडते. शेजाऱ्यांनाही ऐकू दे!”