शिकाऊ जावई

सासरेबुवांच्या आधी मीच तो चष्मा लावून दाखवतो, असं मी म्हणालो आणि तिथेच माझं चुकलं. (माझं तोंड नेहमी माझ्या पायांच्या एक पाऊल पुढे असतं.)

सासरेबुवा म्हणजे निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. एकच विद्यार्थी कायमचा नापास झाला, त्याला त्यांनी मुलगी दिली. हल्ली त्यांना पार्किन्सन आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. मागे एकदा पडले, तेव्हापासून खुर्ची सोडायलाच तयार नाहीत. बायको त्यांच्यासमोर हसते आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. मला ते बघवत नाही.

म्हणून फिजिओथेरपिस्ट बाई हा चष्मा घेऊन आल्या होत्या. चष्मा कसला, डोळ्यांवर बांधायचं खोकं ते. आत बाग दिसते, तिच्यात चालायचं. वयस्कर पेशंटना याचा कितपत उपयोग होतो, हे बाई घरोघरी तपासत होत्या.

"मला नकोत असली थेरं," सासरेबुवा म्हणाले.

"ते उठलेच नाहीत, तर मला मशीन दुसऱ्या पेशंटला द्यावं लागेल," बाई हळूच म्हणाल्या. बायकोचा चेहरा पडला. मग मी तोंड उघडलं.

खोकं चढवलं. बाग झकास होती. पुढे ओढा आला, त्यावर लाकडी साकव. मध्यावर पोचलो, खाली पाहिलं आणि माझ्या पायांनी संप पुकारला.

"थांबलात का?" बायकोचा आवाज.

"खाली पाणी आहे."

"अहो, खाली सतरंजी आहे. आणि टीव्हीवर दिसतंय आम्हाला, घोट्याएवढं पाणी आहे ते."

"घोट्याएवढ्या पाण्यातही माणसं बुडतात."

"मग काढा ना तो चष्मा."

"हात सोडले तर पडेन." (हात मी पडद्याला घातले होते, हे पडदा दांड्यासकट डोक्यावर आल्यावर कळलं.)

तेवढ्यात कानाशी ओळखीचा आवाज आला.

"जावईबापू, नजर समोर. चाकाकडे कशाला बघताय? पडदा सोडा, माझा हात धरा. ब्रेकवरचा पाय उचला. हं, पहिला गिअर. डावा... उजवा... घाई नको, मागून कोणी हॉर्न देत नाहीये."

हात थरथरत होता, माझा की त्यांचा कोण जाणे. डावा-उजवा करत आम्ही साकव ओलांडला, वळलो, आणखी बरंच चाललो. खोकं काढलं तर आम्ही दोघं गॅलरीच्या दारात होतो. खुर्ची पार पलीकडच्या भिंतीशी, रिकामी. बायको या वेळी स्वयंपाकघरात न जाता तिथेच रडत होती. मलाही हुंदका आला. (पाण्यातून वाचल्याचा, असं मी सांगितलं.)

"वळताना हात दाखवला नाहीत," सासरेबुवा एवढंच म्हणाले.

बाईंनी मशीन आमच्याकडेच ठेवलं. त्यांच्या मते उपचार गुणकारी आहे, फक्त खोकं पेशंटऐवजी जावयाच्या डोळ्यांवर बांधावं लागतं. आता रोज सकाळी मी पुढे, पाठीवर 'एल'ची जुनी पाटी, आणि सासरेबुवा खांद्याला धरून मागे.

परवा बाईंनी मला बाजूला घेतलं. "एक सांभाळा. तुम्हाला नीट जमायला लागलं, तर ते पुन्हा खुर्चीत बसतील. तेव्हा लवकर शिकू नका."

"त्याची हमी मी देतो, बाई," सासरेबुवा गॅलरीतून म्हणाले.