विहिरीच्या वरच्या अंगाला

मानवी संस्कृती पाण्याच्या काठी जन्मली, असं भूगोलाच्या पुस्तकात छापलेलं असतं. भेस्तानच्या आमच्या चाळीत ती रोज पहाटे लोटा घेऊन विहिरीच्या वरच्या अंगाला जाऊन बसत असे.

ते पुस्तक शिकवणारे साठे मास्तर आमचे शेजारी. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खिशातली गोटी काढून फरशीवर ठेवत. ती जिकडे घरंगळे तिकडे बोट दाखवून म्हणत, "उतार ओळखा!" मग चहा घेत.

चाळीमागच्या ज्या टेकाडाला ते पाणलोट म्हणत, ते चढताना सायकलवरून उतरावंही लागत नसे. पण मास्तरांचा हेका एकच. "विहीर इथं नाही, तिथं वर आहे. वर जे कराल ते खाली प्याल." लोक मान डोलवत आणि लोटा उचलत. खानदेशातून मागावर कामाला आलेला सुकदेव म्हणे, "मास्तर, पोटले भूगोल कोन शिकाडी?"

एका उन्हाळ्यात मास्तरांनी टेकाडावर खड्डा खणून सरबताचा लाल रंग कालवलेल्या दहा घागरी त्यात ओतल्या. तिसऱ्या दिवशी विहीर गुलाबी झाली. मास्तर कोट चढवून काठावर उभे राहिले. "बघा! हे पाणी कुठून आलं?"

व्याख्यानाला कोणी थांबलं नाही. विहीर रक्त ओकते म्हणत बायका घागरी टाकून पळाल्या. संध्याकाळपर्यंत टेकाडावर नारळ फुटला, लिंबं मांडली गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिकडे कुणी फिरकेना.

"रंग होता म्हणून सांगून टाका की," मी म्हटलं.

"पावसाळा जाऊ दे," मास्तर म्हणाले. वर्गात भुताचं नाव काढणाऱ्या मुलाला ते बाकावर उभं करत.

जूनच्या तोंडाशी एका सकाळी रातपाळीहून टेकाडावरून परतलेला सुकदेव आमच्या पायरीवर येऊन कोसळला. उकाड्यातही त्याचे दात वाजत होते. "मन्ही आन, मास्तर! वर बाई व्हती. हिरवं लुगडं. डावा पाय फरफटत चाले. मले म्हने, जाय घर."

आम्ही हसायला हवं होतं. पण साठेवहिनींचा डावा पाय अधू होता. चार वर्षांपूर्वी याच विहिरीच्या पाण्यानं कॉलरा होऊन त्या गेल्या. सुकदेवला चाळीत येऊन सहा महिनेही झाले नव्हते. मी टेकाडाकडे पाहिलं. वारा पडलेला होता, आणि तिथलं वाळकं गवत एकाच पट्ट्यात वाकत वाकत विहिरीकडे येत होतं.

मास्तर सुकदेवशेजारी बसले. त्यांनी विचारलं, "पाय दुखत असेलसं वाटलं का रे?"

"नही, मास्तर. आरामात चाले."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले. रंगाचं त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात आमच्या चाळीत कॉलरा आला नाही. शेजारच्या चाळीत आला. त्यांच्या विहिरीवर 'पाणी स्वच्छ ठेवा' अशी पाटी होती.