मच्छिंद्रभावजींची जाहिरात

मच्छिंद्रभावजी भेटल्यावर "कसं काय, बरं हाय का" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "पोचलात का?"

नवीन माणूस गोंधळतो. म्हणतो, "आत्ताच तर पोचलो की, एसटीनं."

"तसं न्हाई हो. लोकांपर्यंत पोचलात का? धंदा काय तुमचा? फोनवर दिसतो का?"

चहा संपेपर्यंत त्या माणसाच्या धंद्याला नाव, घोषवाक्य आणि रंग मिळालेला असतो. एकदा पोस्टमनलासुद्धा मिळाला होता.

पाटोद्याच्या बसस्टँडसमोर माझी खानावळ आहे, आणि भिंतीला भिंत लावून त्यांचं दुकान, 'मच्छिंद्र फ्लेक्स अँड डिजिटल'. भावजी म्हणजे माझे सख्खे दीर नव्हेत. पन्नाशी ओलांडली, लग्न केलं नाही, दोन्ही वेळचं माझ्याकडं जेवतात, म्हणून भावजी. आधी नुसते फ्लेक्स छापायचे. वाढदिवस, स्वागत, श्रद्धांजली, बास. मग बीडला दोन दिवसांचं कसलंसं ऑनलाइन मार्केटिंगचं शिबिर करून आले आणि आल्या आल्या माझ्यावरच घसरले.

"वैनी, तुमी भाकरी विकत न्हाई."

"मग काय दगड विकते?"

"तुमी अनुभव विकता, अनुभव!"

"बरं. अनुभवासंगं चटणी देऊ का ठेचा?"

माझं तोंड असंच फटकळ आहे, पण भावजींना त्याचं काही नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या खानावळीचं पान फोनवर झळकलं. खाली घोषवाक्य, 'पोट तुमचं, काळजी आमची!' आठवडाभर लोक पोट दुखतंय म्हणून यायचे. मी ओवा देऊन वाटेला लावायची.

सुदाम न्हाव्याची तर त्याहून तऱ्हा. त्याला भावजींनी लिहून दिलं, 'तुमची केस आमच्यावर सोपवा, निकाल हातोहात!' सुदाम खूश. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा काखेत कागदाची पिशवी धरून त्याच्या खुर्चीत बसला. सुदामनं कापड गुंडाळलं, पाण्याचा फवारा मारला, तेव्हा म्हातारा ओरडला, "आरं, आधी कागद तर बघ! बांधाची केस हाय, भावकीतली!" सुदामनं अर्धा तास बांधाची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि दाढी करून पाठवलं.

पंक्चरवाल्या रशीदभाईंसाठी लिहिलं, 'पाटोद्यात हवा फक्त आपलीच!' वर भलामोठा फ्लेक्स. नेमके निवडणुकीचे दिवस. दोन्हीकडचे कार्यकर्ते दुकानात येऊन विचारायचे, "आपली म्हंजी कुणाची बे?" रशीदभाई हातातला पंप दाखवायचे. "मियाँ, ये देखो, इसकी!"

आता वाटेल, असल्या माणसाला कसलं दुःख. होतं. त्यांचा थोरला भाऊ, नारायणदादा, तिकडं परळीकडं धर्मापुरीला असतो. आईवडील लवकर गेले, दादानंच यांना वाढवलं. त्या दादानं सहा वर्षांपासून यांच्याशी बोलणं टाकलं होतं. कारण ऐकाल तर हसावं का रडावं कळणार नाही.

दादाच्या पोरीचं लग्न. पत्रिका अर्थातच भावजींनी छापली. काकाच तो, फुकटात आणि हौसेनं. पण हौस कुठं थांबावी? गणपतीच्या वरच्या अंगाला स्वतःच्या दुकानाचा शिक्का आणि फोन नंबर! "पाचशे घरात पत्रिका जाणार, वैनी, एवढी पोच फुकट मिळती का?" असं मला वर तोंड करून सांगितलं होतं. सगळ्यात वर नंबर म्हणून पोरीच्या सासऱ्यानं वऱ्हाडाचं विचारायला त्यावरच फोन लावला. भावजी गडबडीत. म्हणाले, "आठ बाय दहा का दहा बाय पंधरा? फोटो पाठवा, मजकूर आमी टाकतो." व्याह्यांना वाटलं, आपली टिंगल चालली आहे. मांडवात ती रडारड, ती मनधरणी! लग्न लागलं कसंबसं. पण दादानं भर मांडवात हात जोडले, "मच्छ्या, आजपासनं तू मला न्हाईस आन् मी तुला न्हाई."

भावजी दर सणाला दादाला मेसेज पाठवतात. मेसेजखाली एकच टिक येते. दुसरी कधी आली नाही. ब्लॉक केलंय, हे आख्ख्या तालुक्याला फोन शिकवणाऱ्या माणसाला कळत नाही थोडंच? तरी पाठवतात. दोनदा धर्मापुरीला जाऊनही आले. दादा मागल्या दारानं शेतात निघून गेला. परत आल्यावर जेवताना म्हणाले, "वैनी, एकडाव दादा बोलला पायजे. शिवी दिली तरी चालंल." मग भाकरी तशीच ठेवून उठले. माझा जीव तुटला हो.

यंदा त्यांच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली. आम्ही सगळे मागं लागलो, दुनियेची जाहिरात करता, स्वतःची करा की! मनावर घेतलं त्यांनी. आणि काय केलं म्हणता? फोटो घेतला काळापांढरा. म्हणे, भारी दिसतो. भोवती झेंडूची महिरप, ती त्यांच्या फ्लेक्सात तयारच असते. खाली, 'मच्छिंद्र. पंचवीस वर्षांचा प्रवास.' आणि त्याखाली, 'आपल्या आठवणी जरूर लिहा.'

सकाळी नऊला फोनवर टाकलं आणि प्रिंटरवर कामाला लागले. मजकूर वाचतंय कोण? पहिल्याच माणसानं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' दुसऱ्यानं पहिल्याचं बघून लिहिलं. मग धरणच फुटलं. 'देवमाणूस गेला.' 'काल तर बोललो होतो.' एकानं लिहिलं, 'श्रद्धांजली. पुतण्याच्या वाढदिवसाचा बॅनर सांगितला होता, आता कुणाकडं जावं?'

भावजींनी त्याला उत्तर दिलं, 'तयार आहे, घेऊन जा.' तो गडी चार दिवस बसस्टँडकडं फिरकला नाही.

साडेअकराला रशीदभाई धावत आले, पायात एकच चप्पल. दुकानात भावजी जिते बघून तिथंच मटकन बसले. मी फोन हातात घेतला, वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

"भावजी, आधी ते पुसा! लोक रडायला लागलेत!"

"वैनी, थांबा की. एवढ्या कमेंटा कुणालाच आल्या न्हाईत आजवर."

"आग लागो त्या कमेंटांना! जित्त्या माणसानं असलं सोंग करावं का?"

ते नुसते बोटानं नावं वर सरकवत होते, एकेक वाचत. मग हळूच म्हणाले, "धर्मापुरीचे तीन जण दिसले. दादाच्या शेजारचा बी हाय. दादानं काय लिवलंय का, तेवढं बघतो. मग पुसतो."

माझा राग कुठल्या कुठं गेला. पण दादाचं वय माझ्या डोळ्यांसमोर आलं. भावजींकडनं नंबर घेऊन मी माझ्या फोनवरनं दादाला लावला. दादाच्या बायकोनं उचलला. मी म्हटलं, "बाई, भावजी धडधाकट हायेत, काय झालेलं न्हाई!" ती हुंदके देत म्हणाली, "अगं, ते तर कवाच निघाले! शेजाऱ्यानं सांगितलं आन् उठले तसे गेले. फोन बी हितंच ऱ्हायलाय."

हे ऐकून भावजींनी पोस्ट पुसली आणि जी घालमेल सुरू झाली म्हणता! दारात जायचे, आत यायचे. "वैनी, दादा मारंल मला. मी कुठं लपू? का उलीसा झोपून घेऊ? निदान आजारी तरी दिसंन." मी उलथनं उगारलं, तेव्हा गप्प बसले.

चारच्या सुमाराला बीडची गाडी लागली. नारायणदादा उतरला. सत्तरीचा माणूस, खांद्यावर टॉवेल, टोपी हातात. स्टँडवरच्या पानवाल्याला विचारलं, "माती झाली का?"

पानवाला म्हणाला, "कुणाची?"

दादा वळला तर समोर आमच्या दारात भावजी उभे. दादा दोन पावलं आला, थांबला, पुन्हा पुढं आला. मग अशी एक सणसणीत कानाखाली दिली की रशीदभाईंच्या दुकानापर्यंत आवाज गेला. त्याच हातानं सदरा धरला तो काही केल्या सोडीना. "जित्ता हायस व्हय बे! मेल्या, जित्ता हायस व्हय!" म्हणत धाय मोकलून रडायला लागला. आम्ही सगळेच रडत होतो आणि हसतही होतो.

सगळ्या तालुक्याला मजकूर लिहून देणारे भावजी एवढंच म्हणाले, "दादा, जेवलास का?"

"मातीला निघालेला माणूस जेवून येतो व्हय? सकाळधरनं पाणी न्हाई घेतलं तोंडात."

मी दोघांना आत ओढलं. गरम भाकरी, शेवग्याची आमटी, कांदा. दादाला वाढलं. भावजी बाजूला उभे राहून त्याच्याकडं नुसते बघत होते. दादानं पहिला घास मोडला आणि हात तसाच थांबवला. वर न बघता मला म्हणाला, "ताई, याला बी वाढा. यानं बी सकाळधरनं काय खाल्लं नसंल."

खरंच खाल्लं नव्हतं. सकाळपासून भिंतीपलीकडंच होते, आणि रोज दोन्ही वेळा त्यांना वाढणाऱ्या मला ते कळलं नव्हतं.