गवताला तोंड न लावणारी शेळी

एका जंगलात फार चांगलं गवत होतं. जंगल आपल्याकडचं नव्हे, पार स्पेन देशातलं. तिथे ऑलिव्हची झाडं होती, बुचाची झाडं होती आणि मधोमध गोल्फचं मैदान होतं. जंगलात गोल्फचं मैदान कशाला, असं विचारू नका. शहाण्या मुलांनी गोष्टीत मध्येच बोलू नये.

गोल्फ म्हणजे काय, तेवढं सांगतो. छोटा चेंडू काठीनं मारायचा आणि लांबवरच्या भोकात घालायचा. मग तो बाहेर काढून त्याहून लांबच्या भोकात घालायचा. ज्याला सगळ्यांत कमी फटके लागतील तो जिंकला. मोठी माणसं यात अख्खा दिवस घालवतात आणि दमलो म्हणून सांगतात.

त्या जंगलात इनेस नावाची एक शेळी होती. नाव जड जात असेल तर इनू म्हणा, ती रागावणार नाही. लहानपणी ती मागच्या पायांवर उभी राहून पाला ओढत होती. पाल्याऐवजी फांदीच हाती आली. समोर बुचाचा एक गोळा पडला होता. इनेसनं फांदीनं तो टोलवला. गोळा ओढ्यापलीकडे गेला. तिला इतका आनंद झाला की ती पाला खायचा विसरली. शेळी पाला विसरते तेव्हा प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

हे सगळं डॉन फाउस्तो बघत होते. डॉन म्हणजे तिकडचं 'राव', आणि फाउस्तो म्हणजे मैदान मंडळाचे अध्यक्ष. वयानं थोर, शिंगांनी त्याहून थोर असे एडके. मंडळात सगळे एडकेच होते.

"बाळ, तू हौशी खेळाडू हो," ते म्हणाले.

"म्हणजे काय करायचं, आजोबा?"

"खेळावर प्रेम करायचं. मैदानातल्या गवताला तोंड लावायचं नाही. एक पातं जरी चघळलंस, तरी हौस संपली."

"पण तुम्ही तर आत्ताच खात होता."

"छे छे! आम्ही मैदानाची देखभाल करतो," असं म्हणून डॉन फाउस्तोंनी तोंडभर देखभाल केली.

इनेसला ते पटलं. लहानपणी बरंच काही पटतं. ती रोज सकाळी मैदानावर जायची, गुडघाभर हिरव्यागार गवतातून चेंडू मारायची आणि तोंड मिटून डोंगरावरच्या घरी यायची. शेळीनं गोल्फ खेळणं म्हणजे हलवायाच्या दुकानात उपास धरण्यासारखं आहे. पण पोरीचा फटका असा सरळ जायचा की बघणाऱ्यानं बघत राहावं. तिला कपावर कप मिळू लागले. 'आमची हौशी इनेस' म्हणून सगळं जंगल मिरवू लागलं. दुसऱ्या जंगलांतही तिला पाठवलं. सोबत मंडळही गेलं. तिकडच्या गवताची देखभाल कशी करतात, ते पाहायला नको का?

मैदानावर माटिल्दे नावाची एक सशीणही खेळायची. ती बक्षिसात जिंकलेलं गवत खायची, उरलं तर पिल्लांना न्यायची. मंडळ तिला धंदेवाईक म्हणायचं. हा शब्द उच्चारताना एडके नाक मुरडायचे.

"माटिल्देमावशी, तुझं खेळावर प्रेम नाही का गं?" इनेसनं एकदा विचारलं.

"आहे की. पोट भरलेलं असलं की जरा जास्तच असतं."

मग एक साल असं आलं की डोंगर करपून गेला. मैदानाला तेवढं मंडळ पाणी घालत होतं. डोंगरावर इनेसची आई बुचाची साल चावू लागली. धाकट्या करडांना दूध पुरेना. इनेसला स्वतःच्या भुकेची लाज वाटायची, पण करडांचं ओरडणं तिला ऐकवत नसे. आई मात्र शेजारणींना सांगायची, "आमची इनू उपाशी राहील, पण गवताला तोंड लावायची नाही हो!"

त्याच साली मंडळानं मोठी स्पर्धा जाहीर केली. जो पहिला येईल त्याला ओढ्याकाठचं सबंध कुरण.

इनेस धावत डॉन फाउस्तोंकडे गेली. "आजोबा, मी जिंकले तर?"

"तू आधी जिंक तर खरी," ते मायेनं म्हणाले. "मंडळ काय तुला उपाशी ठेवणार आहे?"

इनेस खेळली. उन्हात डोळ्यांपुढे अंधारी यायची, तरी खेळली. शेवटच्या भोकापर्यंत ती आणि माटिल्दे बरोबरीत होत्या. माटिल्देचा चेंडू भोकाच्या काठाशी येऊन थांबला. इनेसचा चेंडू घरंगळत गेला, काठावर घुटमळला आणि आत पडला. अख्खं जंगल नाचलं.

मग मंडळाची बैठक झाली. हौशी खेळाडूला कुरण देता येत नाही, असं ठरलं. कुरण मंडळाकडे राहील, हौशी खेळाच्या विकासासाठी. इनेसला कप आणि जाहीर सत्कार.

सत्काराला आई करडांना घेऊन आली. तिनं कपात डोकावून पाहिलं. "रिकामाच दिला होय गं?"

 इनेसला रडू येत होतं. डॉन फाउस्तोंनी तिच्या गळ्यात हार घातला. हार ओढ्याकाठच्या ताज्या लसूणघासाचा, मधून मधून जांभळी फुलं ओवलेली. मग ते भाषणाला उभे राहिले.

"हौशी खेळाडूचं पोट टाळ्यांनी भरतं!" ते गरजले.

टाळ्या झाल्या. इनेसनं जरा वाट पाहिली. पोट काही भरलं नाही. तेव्हा तिनं मान वाकवली आणि हार खायला सुरुवात केली. अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा तोडून करडांपुढे टाकला.

एडक्यांचे डोळे पांढरे झाले. डॉन फाउस्तोंचा तोल सुटला.

"निर्लज्ज कार्टी! ही आज बिघडलेली नाही! ही हौशी कधी नव्हतीच! पहिल्या दिवसापासून हिचा डोळा गवतावर होता!"

"असं सर्वांसमोर सांगताय ना, अध्यक्षमहाराज?" माटिल्देनं मागून विचारलं.

"शंभरदा सांगतो!"

"एकदाच पुरे. ती हौशी कधी नव्हतीच, तर पहिल्या नंबरचं कुरण तिचं झालं. नाही का?"

जंगल खदखदून हसलं.  अध्यक्षांचा शब्द नोंदला गेला होता, आणि तो पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होता. संध्याकाळी इनेसची आई कुरणात उतरली. पहिला घास घेताना तिनं चारी बाजूंना पाहिलं, कुणी ओरडत तर नाही ना म्हणून.

देखभाल करून करून मैदान आधीच बोडकं झालं होतं, त्यात कुरणही हातचं गेलं तसं मंडळाचं पोट खपाटीला लागलं. थोड्याच दिवसांत डॉन फाउस्तो काठी घेऊन मैदानावर आले. चेंडू त्यांना काही लागेना. इनेसनं त्यांना काठी कशी धरायची ते दाखवलं.

"मी आपला हौस म्हणून आलोय हो," ते म्हणाले.

"हो का? बरं बरं," इनेस म्हणाली आणि त्यांच्यापुढे पेंढी ठेवली.

तात्पर्य: खेळ केवळ हौसेसाठी खेळावा, असं पोट भरलेल्या माणसाला अगदी मनापासून वाटतं. तेव्हा मुलांनो, तुमचा सत्कार झाला तर हार घरी नेऊन खुंटीला टांगू नका, ताजा असतानाच खाऊन टाका.