आक्का कोंडवाड्यात

पाटीलकीचा रुमाल सयाजीच्या डोक्यावर अजून नीट बसलाही नव्हता, तोच ज्ञानू धापा टाकत सोप्यात शिरला.

"पाटील, गूळ वाटा! हंबीररावाची म्हस घावली!"

"घावली म्हंजे?"

"तुमच्याच शाळवात की! कुंपणातनं शिरून जुंधळ्याची ताटं कराकरा चावत हुती. हाणत न्हेली आन् घातली कोंडवाड्यात. आता बसू दे म्हनावं बोंबलत."

सयाजीला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. पण पाटलानं असं हसू नये, म्हणून त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि चेहरा शक्य तितका गंभीर केला.

वडगावच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचं हे गाव. कोल्हापुरात महाराज गादीवर होते आणि गावात पाटीलकी दोन चुलतभावांच्या घरांत पाळीनं फिरत होती. आतापर्यंत हंबीररावाची पाळी होती, आता दरबारच्या हुकमानं सयाजीची आली होती. गावही मग दोन तटांत वाटलं गेलं होतं. ज्याची पाळी, त्याच्या तटाची जनावरं कुठंही चरावीत आणि दुसऱ्या तटाची जनावरं नुसती रस्त्यानं चालली तरी कोंडवाड्यात जावीत, असा रिवाजच पडला होता.

गेल्या बेंदराला तर हंबीररावानं हद्द केली. सयाजीची खोंडं शिंगं रंगवून, झुली घालून मिरवणुकीला निघाली होती. वाटेत कुणाच्या तरी वैरणीला तोंड लावलं म्हणून ती थेट कोंडवाड्यात गेली. बाहेरून वाजंत्री वाजत निघून गेली आणि खोंडं आत कान टवकारून ऐकत राहिली. त्या दिवसापासून सयाजीनं चुलतभावाच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. दोन्ही रानांच्या मध्ये त्यानं काट्यांचं कुंपण घातलं ते तेव्हाच.

या भांडणात त्याला एकच गोष्ट सलत होती, ती म्हणजे आक्का. आक्का हंबीररावाची आई आणि सयाजीची चुलती. सयाजीची आई तो रांगत असतानाच गेली, तेव्हा आक्कानं त्याला हंबीररावाच्या शेजारी एकाच वाकळेत निजवून वाढवला होता. आता तीच आक्का रस्त्यात दिसली की सयाजी मान खाली घालून दुसऱ्या गल्लीत वळायचा आणि घरी येऊन उगाच बायकोवर खेकसायचा.

पाटील झाल्या झाल्या त्यानं चावडीवर सांगून टाकलं होतं, "मी सूड घ्यायचा न्हाई. जाब घ्यायचा." गावाला यातला फरक काही कळला नाही. खरं सांगायचं तर सयाजीलाही तो नीट सांगता आला नसता. पण आपण हंबीररावासारखे नाही, एवढं त्याला दाखवायचं होतं.

म्हणून त्यानं कोंडवाड्याच्या राखणदाराला, मीरासाबला, बोलावून घेतलं.

"मीरासाब, ही म्हस हंबीररावाची हाय म्हनून कोंडली न्हाई. रान खाल्लं म्हनून कोंडली. हितनं फुडं मोकाट दिसंल ते आत. माणसाचं तोंड बगून काय बी सोडायचं न्हाई. आत गेलेलं काय बी माज्या हुकमाबगार भाईर येता कामा नये."

"आपल्या तटाचं असलं तर?"

"तरी बी."

"शेळी बी?"

"शेळी बी. पाटलाची गाय दिसली तर ती बी."

मीरासाब जन्मभर पाटलांच्या भुवयांकडं बघून दरवाजा उघडत आणि लावत आलेला माणूस. इतका स्वच्छ हुकूम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता. तो हरखून गेला. दुपारपर्यंत त्यानं ज्ञानूच्या शेळ्या आत घातल्या, बाळासोचं वासरू घातलं, सयाजीची भाकड गाय घातली आणि शेवटी स्वतःच्या बायकोची, कुलसुमची, लाडकी बकरीही शिंगाला धरून आत नेली. कुलसुमनं त्याला भर रस्त्यात असं काही फैलावर घेतलं की त्यापुढं कोंडवाडा बरा म्हणून तो दिवसभर घरी जेवायलाही गेला नाही.

इकडं संध्याकाळच्या धारेची वेळ झाली आणि हंबीररावाची म्हैस हंबरून गाव डोक्यावर घेऊ लागली. आक्काच्या हाताशिवाय ती पान्हा सोडत नसे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कास ताठली तशी तिला उभं राहवेना. ते हंबरणं ऐकून आक्का चरवी घेऊन कोंडवाड्याच्या दारात आली.

"मीरासाब, दार उघड. मुकं जनावर हाय, धार काडते आन् जाते."

आत जाण्याला बंदी नव्हती. मीरासाबनं दार उघडलं. आक्कानं धार काढली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि चरवी घेऊन दाराशी आली. तोवर मीरासाबनं कडी घातली होती.

"आक्का, हुकूम न्हाई."

"कसला हुकूम?"

"आत गेलेलं काय बी पाटलाच्या हुकमाबगार भाईर सोडायचं न्हाई."

आक्का शांतपणे दगडावर टेकली आणि म्हणाली, "बरं. मग पाटलालाच बलीव."

बातमी पाटलाकडं पोचायच्या आत गावभर झाली. सयाजीनं चुलतीला कोंडवाड्यात घातली! जिनं वाढवला, तिलाच! काहींनी तर महाराजांच्या कानावर घालायची भाषा सुरू केली. सयाजी रुमाल सावरत पळत आला, तर कोंडवाड्यापुढं अर्धं गाव उभं होतं आणि हंबीरराव हातात काठी घेऊन नाचत होता.

"सयाज्या! माज्या आईला कोंडतोस? माझा सूड तिच्यावर काडतोस?"

"मी न्हाई कोंडली! मीरासाब, अरं तो हुकूम जनावरांचा हुता!"

"मालक, तुमी 'काय बी' म्हनालासा. शेळीचं मी इचारलं. म्हातारीचं इचारायचं तेवडं राह्यलं."

"मग आता सोड तिला!"

"सोडतो की. पर आक्काला तोंड बगून सोडली तर माज्या कुलसुमची बकरी का न्हाई? ती मला आज घरात घ्यायची न्हाई."

"माज्या शेळ्या बी सोडा!" ज्ञानू ओरडला.

"आन् माजं वासरू?" बाळासोनं मागून आवाज टाकला.

सयाजीनं दाराच्या फळ्यांतून आत पाहिलं. आक्का शेळ्यांच्या मधोमध बसली होती. कित्येक महिन्यांत तिच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता, तो आज द्यावा लागला.

"आक्का, चूक झाली. ये भाईर."

"आता न्हाई यायची," आक्का म्हणाली. "जाब घेतोयस न्हवं? घे की. माजी म्हस तुज्या रानात कशी आली, ते ठरल्याबगार मी हितनं उठत न्हाई."

सयाजीला बुडत्याला काडी मिळाल्यासारखं झालं. तो गावाकडं वळला. "कुंपण माजं घट्ट हुतं. काटं कुनीतरी हातानं सारल्याशिवाय म्हस आत येत न्हाई. ज्यानं सारलं, त्यानं जाब द्यायचा. मग तो कुनी बी असू दे!"

"हंबीररावच! दुसरं कोन?" ज्ञानूनं लगेच निकाल दिला.

"आईची आन, मी काट्याला हात लावलेला न्हाई!" हंबीरराव गरजला.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सयाजीची बायको, चिमणाबाई, आली. खांद्यावरचं तान्हं भुकेनं टाहो फोडत होतं. ती नवऱ्याकडं न बघता सरळ कोंडवाड्याच्या भिंतीशी गेली. तिनं हात वर केला, आतून आक्कानं चरवी वर दिली आणि भिंतीवरून ती या हातातून त्या हातात थेंबही न सांडता गेली.

इतकी सफाई एका दिवसात येत नाही, हे सयाजीसारख्या माणसालाही कळलं.

"हे काय गं?"

"काटं मी काडलं हुतं," चिमणाबाई म्हणाली. चारचौघांत पाटलाच्या बायकोचा आवाज गावानं पहिल्यांदाच ऐकला. "मला दूध फुटंना. गाय भाकड. आक्का रोज सकाळी म्हस घिऊन कुंपणाशी येत्यात, तितंच धार काडून मला देत्यात. आज बाळ रडाय लागलं म्हनून फट बुजवायची राह्यली गडबडीत."

"आन् तू तर म्हनलीस रतीब लावलाय म्हनून!"

"ह्योच रतीब."

हंबीररावाची काठी हळूच खाली आली. त्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हशीचं दूध कमी का झालं, म्हणून तो महिनाभर पेंडीला शिव्या देत होता.

ज्ञानू सयाजीच्या कानाशी लागला. "पाटील, हितंच दाबा. बायामानसांचं काय मनावर घ्यायचं? सगळी जनावरं सोडा आन् चला घरी."

सयाजीलाही क्षणभर तसंच वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण मघाशी गुन्हेगार हंबीरराव असेल असं वाटत होतं, तेव्हा आपला आवाज केवढा चढला होता, हे त्याला आठवलं. आता तोच आवाज खाली आणला, तर मग गेल्या बेंदराबद्दल कुणाला काही विचारायचं तोंड उरणार नव्हतं. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून काखेत धरला.

"गुन्हा माज्या घरचा हाय. जाब मी देतो. शिक्षा कोन सांगनार?"

"पाटील," मीरासाब म्हणाला.

"आरं, पाटीलच गुन्हेगार हाय!"

"मग मागचं पाटील हाईत की."

सयाजी हंबीररावाकडं वळला. "सांग बाबा. तू म्हनशील ते."

हंबीररावाच्या डोळ्यांत चमक आली. अशी संधी भावकीत सात पिढ्यांत एखाद्यालाच मिळते. त्यानं मिशीला पीळ दिला, गावाकडं पाहिलं, दूध पिऊन गप झालेल्या तान्ह्याकडं पाहिलं, मग फळ्यांतून आईकडं पाहिलं.

"हितनं फुडं रोज सकाळी येऊन आमच्या गोठ्यातलं शेण काढायचं," तो म्हणाला. "आक्काच्या देखत."

"पाटलानं शेण काढायचं? हा आपल्या तटाचा अपमान हाय!" ज्ञानू उसळला.

"मान्य," सयाजी म्हणाला. "माजा जाब झाला. आता तुजा. गेलं बेंदूर."

हंबीरराव पायातल्या वहाणेकडं बघू लागला. वहाण जुनीच होती, तरी तो बराच वेळ बघत होता. मग पुटपुटला, "खोंडांनी काय बी खाल्लं नव्हतं."

"मोठ्यानं बोल. शेळ्यास्नी बी ऐकू आलं न्हाई," आतून आक्का म्हणाली.

"खोंडांनी काय बी खाल्लं नव्हतं! मी मुद्दाम कोंडली! चुकलं माजं!"

हे ऐकायला सयाजी किती दिवस तरसला होता. ऐकलं की काय काय बोलायचं, तेही त्यानं पाठ करून ठेवलं होतं. पण आता त्यातलं एकही वाक्य सापडेना. "येत्या बेंदराला खोंडांचं कासरं तू धरायचंस," एवढंच तो कसाबसा म्हणाला.

"धरतो," हंबीरराव म्हणाला.

मीरासाबनं हुकूम घेऊन दार उघडलं. आधी शेळ्या सुटल्या, मग वासरू, मग गाय. कुलसुमची बकरी तर मीरासाबच्या पायात पाय घालून पळाली. शेवटी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून आक्का बाहेर आली आणि तिला घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजी हंबीररावाच्या गोठ्यात धोतर खोचून वाकला होता. आक्का दारात बसून चुका काढत होती. "कोपऱ्यातलं राह्यलं. पाटील झालास तरी हात तसाच वेंधळा." काम झाल्यावर तिनं त्याला हात धुवायला लावले आणि पुढ्यात भाकरी अन् दह्याची वाटी सरकवली. मग चिमणाबाईनं आता कुंपणाशी यायचं नाही, तिला बाळाला घेऊन इथंच पाठव, असं बजावलं. हंबीररावही शेजारी येऊन बसला आणि आपल्या वाट्याची भाकरी मागू लागला.

शिक्षा किती दिवसांची, ते हंबीररावानं काल सांगितलंच नव्हतं. सयाजीनंही विचारलं नाही.