तीन शर्ट आणि एक टोपी

मास्तरांनी टोपी डोळ्यांपर्यंत ओढली, चष्मा खिशात टाकला आणि रस्त्यापलीकडच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानात चोरासारखे शिरले. चष्मा नसल्यामुळे ते दारातल्या पुतळ्यावर आदळले आणि "माफ करा हं," म्हणाले. पुतळ्याने ओळख दाखवली नाही, यातच त्यांना समाधान वाटलं.

मास्तर पेशाने शिंपी. उभी हयात रेडिमेडला नावं ठेवण्यात गेलेली. दुकानावर पाटीच होती, 'रेडिमेड कपड्यांच्या चुका इथे दुरुस्त होतील.' आता असला माणूस सेलमध्ये कशाला गेला, असं तुम्ही विचाराल. तर शिलाई बघायला! निदान स्वतःला तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं. त्यांनी शिलाई बघितली, नाक मुरडलं, आणि तेवढ्यात 'दोनवर एक फुकट' दिसलं. फुकट ते पौष्टिक. दहा मिनिटांत मास्तर तीन राखाडी शर्ट घेऊन बाहेर पडले. घरात शर्टांची वानवा होती असंही नाही. स्वतःच शिवलेले अकरा पडून होते.

शर्ट त्यांनी आपल्या दुकानात आणून, तयार कपड्यांच्या फळीवर अगदी मागे सरकवले. म्हटलं, दोन दिवसांनी कॉलरमधलं लेबल कापू, मग कोणाला काय कळतंय!

दुसऱ्या दिवशी ते जेवून दुकानात आले, तर बायको काजं करत बसली होती. फळीवर दोनच राखाडी शर्ट होते.

"अगं, कोणी आलं होतं का?"

"वकीलसाहेब. संध्याकाळी सभा आहे म्हणाले. माझ्या हातात सुई होती, तर स्वतःच शर्ट उचलून घेऊन गेले."

मास्तरांनी खुंटीकडे बघितलं. वकीलसाहेबांचा खरा राखाडी शर्ट तिथे इस्त्री होऊन लटकत होता.

"मेलो!" मास्तर ओरडले.

"अहो, ऐका तरी..."

ऐकतंय कोण? खरा शर्ट काखोटीला मारून, गळ्यातली टेप तशीच लोंबत ठेवून ते सुटले. वकीलसाहेबांच्या जिभेला हाड नव्हतं. त्यांना कॉलरमधलं ते लालभडक लेबल दिसलं, की मास्तर सेलमधले शर्ट आणून स्वतःचे म्हणून खपवतात, हे उद्या सकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं असतं. तीस वर्षांची अब्रू एका चिंधीवर येऊन टांगली होती.

वकीलसाहेब आरशासमोर उभे होते. शर्ट अंगात.

"या मास्तर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमची बाही बरोबर जमली!"

मास्तरांना हे वर्मी लागलं. पण अपमान गिळायचीच वेळ होती.

"साहेब, तो काढा. तो तुमचा नव्हे. हा घ्या तुमचा."

"अहो, पण बसलाय ना झकास! राहू दे हाच."

"साहेब, कॉलरमध्ये टाचणी राहिलीय!"

"अगं आई गं! तरीच मघापासून टोचतंय!" वकीलसाहेब एका उडीत शर्टाबाहेर आले.

मास्तरांनी शर्ट हिसकावला, खिडकीकडे तोंड करून कॉलर उलटी केली, आणि बघतच राहिले. लाल लेबल नव्हतंच. त्या जागी त्यांच्या स्वतःच्या दुकानाची निळी पट्टी होती, बायकोच्या बारीक टाक्यांनी शिवलेली. मास्तरांनी कॉलर पुन्हा नीट दुमडली.

"सापडली टाचणी?"

"सापडली हो साहेब, सापडली!"

वकीलसाहेबांनी आपला खरा शर्ट घातला, हात लांब केले आणि कपाळाला आठी घातली. "हं. बाही अर्धं बोट लांबच वाटते."

दरवेळची ती तक्रार मास्तरांच्या कानाला आज पहिल्यांदाच गोड लागली.

परत येताना ते अगदी सावकाश चालत आले. बायको तिसऱ्या शर्टाला निळी पट्टी लावत होती.

"तुला कसं कळलं गं?"

"मी सांगत होते, तर तुम्ही पळालात. म्हटलं, उद्या हे शर्ट घालून फिराल आणि लेबल दिसलं तर लोक हसतील. पण शिलाई काय भिकार आहे हो! आणि तीनही तुमच्या मापाचे नाहीत."

"ते सोड. तुला सांगितलं कोणी?"

बायकोने मागच्या दाराकडे मान वळवली. तिथे समोरच्या दुकानाचा मॅनेजर कागदात गुंडाळलेला शर्ट छातीशी धरून उभा होता. हा काटकुळा उंच माणूस, हात गुडघ्यापर्यंत.

"चार वर्षं मागच्या दाराने येतात हे," बायको म्हणाली. "यांच्या मापाची बाही त्यांच्या अख्ख्या दुकानात नाही. यांचे सगळे शर्ट मीच शिवलेले. तुम्ही यांच्या मालकाला जाऊन चिडवाल, म्हणून मी बोलले नाही."

"मास्तर, मालकाला कळलं तर माझी नोकरी जाईल हो," मॅनेजर काकुळतीला आला. "मी काल टोपीवाल्याला पाहिलं नाही. तुम्ही मला पाहिलं नाही."

मास्तरांना एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं. ते मनापासून हसले. "अहो, मागच्या दाराने कशाला? बसा, पुढचं माप मीच घेतो."

त्यांनी प्रेमाने टेप लावली. खांदा झाला, छाती झाली. बाहीशी आल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"काय हो, सेल अजून किती दिवस आहे?"

"उद्या शेवटचा. पँटवर पँट फुकट."

टेप मनगटाशीच थांबली.

"टोपी शोधू नका," बायको मान वर न करता म्हणाली. "मघाशीच कपाटात घालून कुलूप लावलंय."